कोक्विटलामचं पाणी

शर्लीचा फोन आला तेव्हा मी नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसातल्या छोट्या किचनमध्ये किटली लावून उभी होते. फेब्रुवारीतली सकाळ होती, बुटांना लागलेला बर्फ अजून पुरता वितळलाही नव्हता. "ज्योती, ममी गेली," एवढंच ती मराठीत म्हणाली. शर्ली ही फिलूमावशींची एकुलती एक मुलगी, कॅनडातच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. त्या दिवशी हे दोन शब्द तिनं आधीपासून जुळवून ठेवले असावेत... पुढचं सगळं ती इंग्रजीत सांगत राहिली आणि मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा किटली कधीच बंद झाली होती. मी ती पुन्हा लावली, उकळतं पाणी कपातल्या पत्तीवर ओतलं, झाकण ठेवलं आणि घड्याळाकडे पाहत सहा मिनिटं उभी राहिले. सहा मिनिटं मुरल्याशिवाय चहाविषयी तोंड उघडायचं नाही, हा मावशींचा नियम. सहा मिनिटं झाल्यावर मी चमच्यानं तो चहा घेतला आणि त्यांनी शिकवला होता तसा, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा भुरका मारला. शेजारच्या टेबलावरच्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. पाहू दे म्हटलं.

त्याला आता सात आठवडे झाले. हा लेख मी रडण्यासाठी लिहीत नाही. मावशींना रडणं आवडायचं नाही. "जिभेवर मीठ येतं, मग चव कळत नाही," असं त्या म्हणायच्या. एक ओळ छापून यायची राहिली आहे, तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

फिलोमिना हे त्यांचं पूर्ण नाव. वसईजवळच्या एका गावातल्या, केळीच्या वाड्या करणाऱ्या ख्रिस्ती घरातल्या. टोरांटोच्या उत्तरेला वॉन नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं, पण मैलच्या मैल गोदामं आणि कारखान्यांच्या बैठ्या पत्र्याच्या इमारती. त्यातल्या एकीत एका जुन्या, प्रसिद्ध विलायती चहाची पाकिटं भरली जातात. चहाचं नाव लिहीत नाही. त्याच्या खोक्यावर हिरवळीवर बसलेलं एक इंग्रज कुटुंब असतं, चांदीची किटली असते आणि खाली ऐटबाज अक्षरांत लिहिलेलं असतं की संस्थापकांच्या काळापासून हे मिश्रण बदललेलं नाही. त्या खोक्यात काय भरायचं हे तीस वर्षं फिलूमावशी ठरवत होत्या.

मी त्यांच्याकडे आले २०१५च्या सप्टेंबरात. सेलूच्या शाळेत शिकलेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझे वडील मोंढ्यात हमाल. पोतं उचलताना त्यांच्या पाठीला जो बाक आला, त्याच्या जोरावर मी बी.कॉम. झाले आणि मग कर्ज काढून मार्केटिंगच्या डिप्लोमासाठी इथं. कॉलेजच्या भिंतीवर "बेसमेंट रूम, मराठी मुलगी चालेल" असा मराठीत लिहिलेला कागद पाहिला आणि तिथंच उभी राहून तो दोनदा वाचला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच मराठी अक्षर दिसलं होतं. दार उघडलं ते गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घातलेल्या, आखूड केसांच्या बाईंनी. "ये गो," त्या म्हणाल्या, "बूट तिथं काढ. विंटर टायर्ससारखे विंटर बूट पण घ्यावे लागतील तुला, हे असले चालायचे नाहीत."

उपकार फेडायचे म्हणून दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्यासाठी चहा केला. आमच्या पद्धतीचा... आलं ठेचून, दूध घालून, साखर ढकलून, तीनदा उतू जाऊ देऊन. त्यांनी एक घोट घेतला, तो तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि सिंकमध्ये थुंकला. मला रडूच आलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "रडू नको. मी चांगला चहासुद्धा थुंकते. तेच माझं काम आहे. पण यात चहा कुठे आहे ते सांग. हे गोड आल्याचं दूध आहे. आवडतं मला, रविवारी कर. पण याला चहा म्हणू नको." मग त्यांनी मला टेबलाशी बसवलं. तराजूत एका बाजूला जुनं विलायती नाणं, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाची पत्ती. उकळतं पाणी, झाकण, सहा मिनिटं. खोल चमचा भरायचा आणि हवेसकट असा जोरात ओढायचा की चहा टाळूवर फवाऱ्यासारखा उडाला पाहिजे. मी भीत भीत घोट घेतला तर म्हणाल्या, "सासरी आलीस का तू? आवाज काढ." लहानपणी बशीतला चहा भुरकला म्हणून माझ्या मामीनं मला पाहुण्यांसमोर दटावलं होतं. इथं सात समुद्र ओलांडून आल्यावर एक बाई मला भुरका मोठा नाही म्हणून दटावत होती.

हे त्या कुठं शिकल्या, ते त्यांनी मला हळूहळू, हिवाळ्यातल्या रविवारी सांगितलं. मॅट्रिक झाल्यावर त्या मुंबईत फोर्टातल्या एका चहाच्या कचेरीत लागल्या. तिथं चाखायच्या खोलीत लांबच लांब ओट्यावर कपांच्या रांगा मांडायच्या, पत्ती तोलायची, पाणी ओतायचं, वेळ झाली की साहेबांना हाक मारायची, आणि साहेब रांगेतून भुरके मारत, चाकांच्या पिकदाणीत थुंकत पुढे गेले की सगळे कप धुवायचे. बाईनं चाखायचं नव्हतं. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण ते कुणाला सुचतच नव्हतं. मावशी साहेबांनी बोललेलं लक्षात ठेवायच्या, अमक्या कपात धूर लागला, तमक्यात पत्ती जुनी आहे, आणि ते जेवायला गेले की कप धुण्याआधी एकेक चमचा घेऊन ताडून पाहायच्या. "साहेब पाचात एकदा चुकायचे," त्या म्हणाल्या. "मी कुणाला बोलले नाही. कप धुणारीचं कोण ऐकतो?"

लग्न होऊन त्या कॅनडात आल्या. नवरा चार वर्षांत गेला, पदरात शर्ली. वॉनच्या त्या कारखान्यात पाकिटं भरायच्या पट्ट्यावर त्या उभ्या राहिल्या. त्या काळात कारखान्याला एक डोकेदुखी होती. इकडे ऑन्टारिओत सगळे खूश, पण पश्चिमेकडून, पार पॅसिफिकच्या काठावरून तक्रारी यायच्या की चहा तुरट लागतो, जिभेला ओरबाडतो. वरचे लोक म्हणायचे, गोदामात दमटपणा असेल, पाकीट बदला. पाकीट दोनदा बदललं. मावशी एक दिवस सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, तिकडचं पाणी आणून द्या. टोरांटोचं पाणी सरोवराचं, जरा जड, चहावर तवंग आणणारं. त्या पाण्यात तग धरावा म्हणून इकडच्या मिश्रणात दणकट पत्ती जास्त घालावी लागते. तिकडचं पाणी डोंगरातलं, बर्फाचं आणि पावसाचं, अगदी हलकं. त्यात तीच पत्ती अंगावर येते. हे मावशींना कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. वसईत त्यांच्या वाडीत दोन विहिरी होत्या, एकीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. "दोन विहिरींसाठी आमच्या आयचे दोन हिशेब होते," त्या म्हणायच्या. "यांना एवढ्या मोठ्या देशाला एकच."

सुपरवायझर भला माणूस होता. त्यानं पाणी मागवलं. मावशींनी दुपारच्या सुटीत तीन आठवडे कप मांडले आणि पश्चिमेसाठी वेगळं मिश्रण जुळवून दाखवलं. तक्रारी थांबल्या. त्यांना पांढरा कोट मिळाला, चमचा मिळाला, चाकांची पिकदाणी मिळाली. पुढे शर्ली लग्न होऊन व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलामला गेली तेव्हा मावशींना जावयापेक्षा गावाचं कौतुक जास्त. तिकडच्या नळांना ज्या तलावाचं पाणी येतं, त्याच्या जवळ आहे म्हणाल्या. दर तीन महिन्यांनी शर्ली खोक्यात नळाच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून पाठवायची. कुरियरच्या खिडकीतला माणूस दर वेळी विचारायचा, आत काय आहे. वॉटर. आणि? नुसतं वॉटर. शर्ली हे सांगताना कपाळावर हात मारायची. तिला आईचं सगळंच थोडं लाजिरवाणं वाटायचं, विशेषतः तो भुरका. रेस्टॉरंटमध्ये मावशींनी चमचा उचलला की "ममी, प्लीज," असं ती दात आवळून म्हणायची आणि मावशी मुद्दाम थोडा अधिक मोठा आवाज काढायच्या.

माझा डिप्लोमा संपला तेव्हा मावशींनीच मला कंपनीच्या नॉर्थ यॉर्कमधल्या मार्केटिंगच्या ऑफिसात अप्लाय करायला लावलं. मला नोकरी लागली. आमचा मोठा साहेब डेरेक. वाईट माणूस नाही, उंच, हसरा, सगळ्यांना नावानं हाक मारणारा. कंपनीचं मोठं वर्धापनवर्ष जवळ येत होतं आणि चहाचा इतिहास नव्यानं लिहायचा होता, वेबसाइटसाठी, खोक्याच्या मागच्या बाजूसाठी. ते काम त्यानं मला दिलं. "तू चहाच्या देशातली आहेस," तो म्हणाला. सेलूत चहा पिकत नाही, कापूस पिकतो, हे मी त्याला सांगितलं नाही. नवीन होते, भीत होते.

तीन आठवडे मी जुन्या जाहिरातींच्या खोक्यांत बसले. इनॅमलच्या पाट्या, पत्र्याचे डबे, युद्धाच्या काळातली पत्रकं, टीव्हीवरच्या पहिल्या जाहिरातींच्या चित्रफिती. प्रत्येक चित्रात पिणाऱ्याला चेहरा होता, टोपी होती, कुत्रा होता. आणि कोपऱ्यात कुठंतरी पाठीवर टोपली बांधलेली एक बाई, नेहमी हसणारी, नेहमी एकसारखी. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी आठवडी बाजारात चहा कंपनीची गाडी यायची, भोंगा वाजवून लोकांना गोळा करायची आणि फुकट चहा पाजायची. लोकांना सवय लागली आणि गाडी यायची बंद झाली. ती गाडी मला त्या खोक्यांत कुठे सापडली नाही. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांनी आपल्याला चहा शिकवला, हे ते लिहितात. आपण त्यांना पाणी शिकवलं, ते कोण लिहिणार? तू लिही. एकच ओळ. माझं नाव नको." आणि त्यांनी ती ओळ मला सांगितली. मी ती इंग्रजीत करून मजकुरात घातली, बरोबर मधोमध.

आता माझी चूक सांगते. डेरेकला कळलं की मी जिच्या बेसमेंटमध्ये राहते ती बाई आमच्याच कारखान्यात चहा चाखते, आणि त्याला कल्पना सुचली की वर्धापनाच्या जाहिरातीत तिचाच फोटो हवा. मावशी खुलल्या. आदल्या दिवशी त्यांनी पांढऱ्या कोटाला स्टार्च केलं, चमचा चिंचेनं घासून लखलखीत केला. पण फोटोत त्यांना काय घालायचं आहे, हे माझ्याकडे आलेल्या कागदात लिहिलेलं होतं आणि मी ते त्यांना सांगितलं नाही. साडी. कंपनीकडे साडी नव्हती, म्हणून डेरेकनं मला विचारलं, आणि मी माझ्या मायनं येताना बांधून दिलेली हिरवी इरकल दिली. मोठ्या साहेबानं आपल्याकडे काही मागितलं, याचाच मला अभिमान वाटला होता... मावशींना मी म्हटलं, "नुसता एक फोटो आहे."

कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत दिवे लावले होते. मागं हिरव्या टेकड्यांचा पडदा. खुर्चीवर माझी इरकल आणि खाली वेताची टोपली, कपाळाला अडकवायच्या पट्ट्यासकट. मावशींनी आधी टोपली पाहिली, मग साडी. साडी त्यांनी ओळखली, कारण ती माझ्या खोलीत वाळत असायची. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली.

"डेरेक," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी टोपली वाहिलेली आहे. पण ती केळ्यांची, आणि डोक्यावर. चहाचा मळा मी आयुष्यात पाहिलेला नाही. लग्नातसुद्धा मी गाऊन घातला होता."

"जस्ट वन पिक्चर, फिल. लोकांना हे आवडतं."

"लोकांना खोटं आवडतं की तुम्हाला विकायला सोपं पडतं?"

मावशींनी साडीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग पिकदाणी ढकलत आणून हिरव्या टेकड्यांच्या पुढ्यात उभी केली, कोटाची बटणं लावली, चमचा भरला, भुरका मारला आणि कॅमेऱ्याकडे बघत बघत थुंकल्या. फोटोवाल्या पोरीनं तेवढ्यात कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं. फार सुंदर फोटो आला. चहाचा तो तपकिरी धागा हवेत, आणि वर दोन डोळे, कोणालाही न भिणारे. डेरेकनं तो फोटो बाजूला ठेवला. चहाच्या जाहिरातीत थुंकणारी बाई चालत नाही, म्हणाला. दोन आठवड्यांनी माझ्या साडीशिवाय, दुसऱ्या कुठल्यातरी साडीत, एका मॉडेल मुलीनं ती टोपली पाठीला लावली.

आणि ती ओळ... ती त्यानं लाल करून परत पाठवली. मी पुन्हा घातली. त्यानं पुन्हा लाल केली. तिसऱ्या वेळी त्यानं मला खोलीत बोलावलं. लोक हा चहा पीत नाहीत, इंग्लंड पितात, वॉन कोणी पीत नाही, असं त्यानं मला अगदी समजुतीनं सांगितलं. ओळ मी स्वतःच काढावी, असं त्याचं म्हणणं होतं. मी तिथंच, त्याच्यासमोर, काढली. घरी येऊन मावशींना सांगायला मला दोन दिवस लागले. त्या भेंडी चिरत होत्या. हात थांबला नाही.

"इथं कायम राहायच्या पीआरसाठी तुला किती नोकरी पुरी करायची राहिलीय?"

"सात महिने."

"मग बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या पाठीवर तू आलीस, ते पोतं असं रस्त्यात टाकायचं नाही. पण फोटोचं आधी सांगायला हवं होतंस. ते कबूल कर."

"चुकले मावशी."

"झालं. आता ओळीचं माझं मी बघते."

त्या वर्षी जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये केक होता, फुगे होते, आणि डेरेक सोनेरी पत्र्याचा खास डबा घेऊन आला होता, त्यावर तेच हिरवळीवरचं कुटुंब. भाषण सुरू व्हायच्या आधीच मावशींनी टेबलावर तीन कप मांडले. दोन्ही पाकिटं त्यांनी सगळ्यांना उलटसुलट करून दाखवली, एक इकडच्या दुकानातलं, एक पश्चिमेकडच्या. चित्र तेच, मागची अक्षरं तीच. पहिल्या कपात इकडचं पाकीट आणि इकडचं पाणी. दुसऱ्यात इकडचंच पाकीट, पण कोक्विटलामचं पाणी. तिसऱ्यात तिकडचं पाकीट आणि तिकडचं पाणी. सहा मिनिटं सगळं कॅन्टीन घड्याळाकडे पाहत बसलं होतं, पट्ट्यावरच्या बायकासुद्धा. मग त्यांनी डेरेकला चमचा दिला. पहिला त्यानं घेतला, मान हलवली. दुसरा घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "धिस वन इज ऑफ," तो म्हणाला. तिसरा घेतला आणि पहिल्यासारखाच लागला.

"हा दुसरा कप," मावशी म्हणाल्या, "तो तुम्ही खोक्यावर लिहिता तो. कधीही न बदललेला. आणि तिसरा माझा."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. डेरेकही हसला आणि म्हणाला, "आपलं हे सीक्रेट, फिल." मावशी हसल्या नाहीत. "सीक्रेट तुमचं आहे, डेरेक. माझं ते काम आहे." सोनेरी डबा त्यांनी टेबलावरच ठेवला. चमचा मात्र रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि दारातल्या सिक्युरिटीच्या माणसाला थांबून सांगितलं, "चमचा नेतेय. कंपनीचा आहे. लिहून घे." त्यानं काही लिहिलं नाही. पुढं होऊन दार उघडून धरलं.

खोक्यावर काही बदललं नाही. माझा नोकरीचा अनुभव पुरा झाला, पीआर झाली, मी नॉर्थ यॉर्कमध्ये एका लहानशा काँडोत राहायला गेले. रविवारी मावशींकडे जायचे, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून द्यायचे आणि मग आम्ही चाखायला बसायचो. शर्लीच्या बाटल्या येतच होत्या. काम संपलं तरी त्यांनी पाणी मागवणं सोडलं नव्हतं, आणि शर्लीनं कारण विचारलं नव्हतं. जानेवारीत त्या हॉस्पिटलात गेल्या. शेवटची भेट झाली तेव्हा नर्सनं कागदाच्या कपात चहा आणून दिला होता. मावशींनी उशीवरूनच एक अशक्त भुरका मारला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाणी बरं आहे. चहा माझ्या आधी गेलाय." मग थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, "ओळ?" मी म्हटलं, "घालते मावशी." त्यांनी मान हलवली. मी कधी घालणार, कुठे घालणार, हे विचारलं नाही.

चर्चच्या हॉलमध्ये मिस्सा संपल्यावर चहा होता. कंपनीचं फुलांचं मोठं चक्र आलं होतं आणि सोबत कार्ड. आमच्या लाडक्या इंग्लिश चहाची निष्ठेनं सेवा करणाऱ्या फिलोमिना यांना, असं काहीसं. शर्लीनं ते वाचलं, घडी करून पर्समध्ये टाकलं आणि मला म्हणाली, "हेल्प मी." तिच्या सामानात कपडे थोडे आणि पाण्याचे कॅन जास्त होते. विमानात जेवढे चढवू दिले तेवढे तिनं कोक्विटलामहून आणले होते. आम्ही दोघींनी ते पाणी हॉलच्या मोठ्या भांड्यात उकळलं, पश्चिमेकडचं पाकीट फोडलं, सहा मिनिटं मोजली. मग शर्ली कप हातात घेऊन स्टेजच्या पायरीवर उभी राहिली. वसईचे, ठाण्याचे, मुंबईचे म्हातारेकोतारे, कारखान्यातल्या पंजाबी आणि फिलिपिनो बायका, सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली की माझी आई हे पाणी तीस वर्षं चाखत होती आणि मी तिला तीस वर्षं गप्प बस म्हणत होते. "सो, प्लीज. लाउड." आणि तिनं चमचा तोंडाला लावून असा भुरका मारला की पहिल्या रांगेतले फादर दचकले. मग फादरनी मारला. मग सगळ्यांनी. तो आवाज मी कसा सांगू... शंभरेक माणसं एकाच वेळी, काळ्या कपड्यांत, गंभीर चेहऱ्यांनी, मुळीच न लाजता भुरकत होती. कारखान्यातल्या एका बाईनं हसता हसता डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "नो नो, सॉल्ट." तिलाही मावशींनीच शिकवलं असणार.

चमचा शर्लीनं मला दिला. आणि एक बाटली. मावशी गेल्या त्याच्या दोन दिवसांनंतर कुरियरनं आलेली, शर्लीनं आधीच पाठवलेली, झाकण न उघडलेली. ती माझ्या फ्रीजच्या दारात आहे. घरी कोणी आलं की विचारतं, हे काय. मी सांगते, पाणी. आणि? नुसतं पाणी.

दर वर्षी मार्चमध्ये आमच्या ऑफिसात खोक्याच्या मागचा मजकूर पुन्हा तपासला जातो. दर वर्षी मी ती ओळ त्यात घालते आणि दर वर्षी ती लाल होऊन परत येते. यंदाही घातली. या वेळी डेरेक माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ज्योती, पुन्हा?" मी म्हटलं, "पुन्हा." त्याला मी हेही सांगितलं की आता ती माझ्या हातानं निघणार नाही, काढायची तर त्यानं काढावी. त्यानं काढली. पुढच्या मार्चमध्येही त्याला काढावी लागेल. हा लेख कोणी त्याला इंग्रजीत करून दाखवला तर दाखवू दे. चमचा माझ्या ड्रॉवरमध्ये, त्याच्या खोलीपासून वीस पावलांवर असतो, आणि रोज सकाळी त्याला माझा भुरका ऐकू येतो.

मावशींनी सांगितलेली ओळ अशी होती: "हा चहा इथल्या माणसांनी, इथलं पाणी पाहून, वॉनमध्ये जुळवलेला आहे." त्यांनी नाव नको म्हटलं होतं. तेवढं त्यांचं मी ऐकणार नाही. जुळवणारीचं नाव फिलोमिना.